आठ सेकंदांचा अकरावा फोटो

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसून सोडून देतो. वय एकावन्न, राहणार नेरूळ. एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं बरोबर मोजतात की नाही, हे तपासणं माझं काम. दोनदा मोजून जे सारखं येत नाही त्यावर मी सही करत नाही. हा अनुभव एकदाच आला... म्हणजे माझ्याच नियमाने बाद. तरी लिहितोय, कारण दुसरीकडे कुठे नोंदवावा ते कळत नाही.

माझ्या मुलीला, गौरीला, महापेला नोकरी लागली. तिला माझी मोटरसायकल हवी होती. बायकोचा ठाम विरोध. मी मधला मार्ग काढला — दहा शनिवार ती चालवेल, मी मागे बसेन, आणि निकाल फोटो देईल.

हे जरा समजावून सांगतो. कॅमेरा हँडलला घट्ट बांधायचा आणि शटर आठ सेकंद उघडं ठेवायचं. गाडीला बांधलेलं सगळं — स्पीडोमीटर, आरसा — फोटोत स्पष्ट येतं, कारण ते कॅमेऱ्याबरोबरच चालत असतं. बाकीचं जग मागे पळतं, म्हणून रस्त्यावरच्या दिव्यांच्या रेघा होतात. चालवणाऱ्याचा हात स्थिर असेल तर रेघ सरळ, डळमळला तर नागमोडी. मला हौस होतीच, तिची परीक्षाही होत होती. प्रत्येक फोटोचा वेग, वेळ, जागा मी वहीत लिहायचो.

"बाकीच्यांचे बाबा आरटीओवर विश्वास ठेवतात," गौरी म्हणायची.

"बाकीच्यांच्या बाबांना आरटीओ माहीत नाही."

पहिल्या शनिवारच्या रेघा बघून बायको म्हणाली होती, "ईसीजी काढलाय की फोटो?" नवव्या शनिवारपर्यंत मात्र त्या पट्टीने मारल्यासारख्या यायला लागल्या.

दहावा शनिवार. सोमवारी तिला रुजू व्हायचं होतं. पामबीच रोड, संध्याकाळी सातच्या आत, आकाशात अजून निळसर उजेड. ताशी छत्तीस किलोमीटर ठेव असं मी तिला सांगितलेलं, कारण छत्तीस म्हणजे सेकंदाला बरोबर दहा मीटर, हिशोब सोपा. कॅमेऱ्याचा रिमोट माझ्या हातात. बारा फोटो काढले. मध्ये कुठेही थांबलो नाही.

घरी येऊन कॉम्प्युटरवर बघितले. दहावा ठीक. बारावाही ठीक. अकरावा...

अकराव्यात स्पीडोमीटर नाही. आरसा नाही. रस्त्याचे खांब, दुभाजकावरची झाडं, पांढरे पट्टे, सगळं स्वच्छ, स्थिर. कॅमेरा रस्त्यावर तिपाईवर उभा करून काढावा तसं. आणि खाली मधोमध सुरू होऊन पुढे गेलेल्या दोन लाल रेघा, एक जाड, तिच्या उजवीकडे एक बारीक. आमच्या गाडीला मागच्या दिव्याशेजारी उजवीकडे मी एक छोटा जादा लाल दिवा बसवलाय. तशी दुसरी गाडी मी तरी पाहिलेली नाही.

म्हणजे कॅमेरा मागे राहिला होता आणि गाडी पुढे निघून गेली होती. आठ सेकंद. आणि बाराव्या फोटोत, एकवीस सेकंदांनी, कॅमेरा परत हँडलवर. क्रमांक सलग, वेळ सलग.

रात्री झोप आली नाही. रविवारी सकाळी कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन शेजारच्या शिरवणे गावात गेलो. तिथे माझ्या ओळखीच्या पाटलांचा फोटो स्टुडिओ आहे, तीस वर्षं हेच काम. त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला.

"जोडकाम नाय हाय ह्या," ते म्हणाले. "पन गाडी तर पुढं चाललीय. मंग कॅमेरा कोनी धरलेला?"

"तेच विचारायला आलोय."

"मना इचारू नको. मी लग्नाचं फोटू काढतो."

दुपारी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "तुमचं चमकणारं जॅकेट कुठाय?"

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मागे बसताना मी कंपनीचं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घालतो. मागून येणाऱ्या गाड्यांचा उजेड त्यावर पडतो, तर त्याचीही रेघ यायला हवी.

संध्याकाळी त्याच जागी गेलो. गौरीला सांगितलं, बाबांचा एक प्रयोग राहिलाय. फुटपाथवर तिपाई लावली, शटरपाशी बायको, गाडीवर पुढे गौरी, मागे मी. फोटोत दोन लाल रेघा आल्या आणि वर एक रुपेरी. सहा वेळा केलं, सहाही वेळा रुपेरी रेघ आली.

अकराव्यात ती नाही.

गौरी गाडी लावायला खाली थांबली तेव्हा लिफ्टमध्ये बायको हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही नव्हता गाडीवर."

"होतो. रिमोट मीच दाबला."

"मग फोटोत ती एकटीच आहे."

मी म्हटलं, आता तूच सांग, किल्ली कशी देऊ? मला वाटलं, ती माझीच बाजू घेईल. पहिल्यापासून नको म्हणत होती.

"एकटीच जाणार आहे ना ती उद्यापासून? का रोज मागे बसणार आहात, महापेपर्यंत?"

रात्री जेवणानंतर मी पुन्हा फोटो उघडला. खांबांमधलं अंतर मी पावलांनी मोजून आलो होतो, साधारण तीस मीटर. लाल रेघ दोन खांब ओलांडून तिसऱ्याच्या अलीकडे संपते. ऐंशी मीटरच्या आसपास. म्हणजे वेग बरोबर छत्तीस. रेघ संपते कारण शटर बंद झालं, दुसरं काही नाही. माझ्या सगळ्याच फोटोंत रेघा अशाच संपतात. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं ते मोजलेलं नाही.

मग स्क्रीनवर पट्टी धरली. सुरुवातीपासून टोकापर्यंत रेघेला कुठेही कंप नव्हता. दहा शनिवारांत इतकी सरळ रेघ तिने एकदाही मारली नव्हती.

सोमवारी सकाळी किल्ली तिच्या हातात दिली.

"पास का?" तिने विचारलं.

"पास."

"किती मार्क?"

"हेल्मेटचा पट्टा लाव आधी."

याला सात महिने झाले. ती रोज जाते, रोज येते. पोचल्यावर "पोचले" एवढाच मेसेज टाकते, आणि तो येईपर्यंत मी कारखान्यात एकही रीडिंग घेत नाही, कारण घेतलं तर चुकतं. वहीत अकराव्या फोटोसमोर वेग, वेळ, जागा लिहिली आहे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो कोराच आहे.