शिरवण्यात बनवलेलं धुराडं

माझ्या दादाला, शिवरामला, थंडी कशाशी खातात ते माहीत नव्हतं. डिसेंबरात जरा गार वारा सुटला की हा माणूस कानाला मफलर गुंडाळून नेरूळजवळ शिरवण्याच्या शेडवर जायचा. तिथे तो हॉटेलांच्या किचनमधला धूर ओढणारे पत्र्याचे डक्ट बनवायचा. बोलणं कमी, पण कामाचा गर्व भारी. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, "माझा सांधा गळला तर नाव बदलीन." मी म्हणायचे, बदलच एकदाचं, शिवराम जुनं झालंय.

वहिनी गेल्यावर त्याला एक मुलगी, राजश्रीच उरली. ती नर्स झाली आणि कुठल्याशा संस्थेच्या दवाखान्यात, पार तिकडे हिमालयात, लाहौलला जाऊन बसली. मी खूप बडबडले, नेरूळमध्ये काय दवाखाने कमी पडले का तुला? ऐकते कुठे. गेल्या वर्षी मे महिन्यात तिचा फोन आला. खोलीत लाकडावरची शेगडी आहे, तिचं धुराडं सडलंय, हिवाळाभर धुराने खोकून जीव गेला. झालं, दादाने त्याच दिवशी टेप काढली.

रोज फोनवर मापं चालायची. छत किती उंच, छतात लाकूड कुठे, भोक पाडलं तर लाकडापासून पाइप किती लांब राहील. "बर्फ किती साचतो गं छतावर?" तर ती म्हणाली, कंबरेएवढा. हा विचारतो, "तुझ्या कंबरेएवढा का माझ्या?" किती दिवसांनी हसला असेल तो.

पाइप स्वतः नेऊन बसवायचा त्याचा बेत होता. पण त्याला दम लागायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एवढ्या उंचावर जायचं नाव काढू नका. महिनाभर तो माझ्याशीसुद्धा धड बोलला नाही. मग म्हणाला, इथेच उभं करून बघतो, तिला फक्त जोडायचं काम राहील. भर ऑक्टोबरच्या उकाड्यात शेडमध्ये शेगडी पेटवली, वर पत्रा काढून धुराडं उभं केलं. शेजारचा वेल्डर किसन म्हणाला, "शिवरामभाऊ, हुर्डा भाजताय का?" दादा घामाने निथळत सांध्यांवरून हात फिरवत होता. धूर सरळ वर गेला. कुठे थेंब नाही, डाग नाही. तुकडे पॅक झाले, ट्रान्सपोर्टने गेले, आणि बर्फ पडायच्या आत राजश्रीने तिथल्या सुताराला घेऊन ते बसवले.

डिसेंबरात दादा अंथरुणाला खिळला. रोज व्हिडिओ कॉल. "गळत नाही ना?" "नाही पप्पा. खोली मस्त गरम आहे." एकदा ती केस मागे करायला गेली आणि तिचा हात दिसला. काळाकुट्ट, डांबरात घातल्यासारखा. फोन यायच्या आधी ती पाइप पुसून घ्यायची, बिचारी.

दादाने तिला फोन सांध्याजवळ धरायला लावला. मग म्हणाला, "उलटं बसलं गं." आपल्याकडे पावसाची सवय. पत्रा असो की पाइप, वरचा तुकडा खालच्याच्या अंगावरून आणायचा, म्हणजे पाणी बाहेरून वाहून जातं. तिकडे पाणी आतून येतं. धूर पाइपातच गार होतो, त्याचं काळं पाणी होऊन आतल्या अंगाने उतरतं आणि असल्या सांध्यातून बाहेर पडतं. शिरवण्याच्या उकाड्यात ते दिसणार कसं? धूर गार व्हायला थंडी नको का?

"तुकडे उलटवायला लागतील," तो म्हणाला. "खालचं तोंड नव्याने कापायला लागेल. तू हात लावू नको. रस्ता उघडला की मी येतो, मीच करतो." राजश्री म्हणाली, "या पप्पा." मी तिथेच बसले होते. तो जाणार नाही हे तिघांनाही माहीत होतं. मला रडू आवरेना, म्हणून चहा टाकायला उठले.

फेब्रुवारीत दादा गेला. बर्फाने रस्ते बंद, राजश्रीला शेवटचं तोंडही बघता आलं नाही.

जूनमध्ये मीच तिच्याकडे गेले. खोलीत पाऊल टाकलं आणि बघतच राहिले. धुराड्याच्या प्रत्येक सांध्याखाली तारेने एकेक डबा टांगलेला. भिंतीवर काळे ओघळ. माझं डोकं फिरलं. म्हटलं, अगं, इथे पत्रा कापणारा कोणी मिळत नाही का? अर्ध्या दिवसाचं काम, आणि तू सहा महिने हे डबे ओततेस?

ती शेगडीत लाकूड सारत होती. वर न बघता म्हणाली, "आत्या, पप्पा म्हणाले होते ना, हात लावू नको, मी येतो."

मी खाली बसले. थोड्या वेळाने उठून भरलेला डबा बाहेर ओतून आले, राखेने घासला आणि होता त्याच सांध्याखाली परत टांगला.