प्रयोग सफल

भोपाळच्या कला-अनुदान कार्यालयातले ते बाबू चष्मा कपाळावर सरकवून अर्ज वाचतात आणि प्रत्येक वाक्याआधी ‘देखिए’ म्हणतात. आमच्या मराठी मंडळाने नाटकाच्या पाच प्रयोगांसाठी अर्ज केला, तेव्हा म्हणाले, “देखिए, प्रयोग करना है तो विज्ञानवालों के पास जाइए.”

मराठीत नाटकाच्या खेळालाच प्रयोग म्हणतात, हे त्यांच्या गळी उतरवायला मला तीन हेलपाटे पडले. पहिल्या प्रयोगाला मात्र ते स्वतः आले, पुढच्या रांगेत बसून पोट धरून हसले, शेवटी डोळेही पुसले. मला वाटलं, जिंकलो!

आठवड्याने उरलेल्या चार प्रयोगांची फाइल परत आली. तिच्यावर त्यांच्या सुबक अक्षरात शेरा होता: “प्रयोग सफल रहा. दोहराने की आवश्यकता नहीं.”