निळ्या गाडीविरुद्धचं पत्रक

तळोज्याच्या कारखान्यात टाळेबंदी झाली त्या वर्षी मी नववीत होतो. बाबा युनियनचे चिटणीस. गेटसभा संपल्या, पत्रकं संपली, आणि ते घरी बसून राहिले. पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकलो होतो. आता घडी घालायलाही काही नव्हतं. दुपारी मी खालच्या मजल्यावर मित्राकडे जायचो. तो रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरातला. वडील दुबईला, म्हणून आमच्या इमारतीतला एकुलता एक कॉम्प्युटर त्याच्याकडे होता.

त्यात गाड्यांची शर्यत होती. गाडी भिंतीवर आपटली तरी पत्र्याला पोचा पडत नसे. ते मी सोडून दिलं. माझं भांडण निळ्या गाडीशी होतं. ती कॉम्प्युटर चालवायचा. मी एकही वळण चुकलो नाही तरी शेवटच्या वळणावर ती मागून येऊन पुढे जायची. मला एकदाच जिंकायचं होतं, निव्वळ वेगाच्या जोरावर. कुठेतरी तेवढं तरी चालतं का, ते बघायचं होतं.

एक दिवस मी मुद्दाम गाडी थांबवली. पाणी प्यायलो, परत निघालो. निळी गाडी पुढच्याच पुलावर रमतगमत चालली होती. मी वेग घेतला, तिनेही घेतला.

"ती थांबते आपल्यासाठी," मी म्हणालो.

"मग बरंय ना. नायतर एकटा फिरशील भुतासारखा," मित्र म्हणाला.

मी घरी जाऊन कार्बन लावून पत्रक लिहिलं. 'खेळाडू मित्रांनो, निकाल आधीच ठरलेला आहे. आपली मेहनत ही निव्वळ करमणूक ठरवली जात आहे.' सहा प्रती, पाच दारांखाली. त्यात मित्राचंही दार होतं.

त्याची आई जिन्यात भेटली. "काय रे लीडर, आमच्या घरात अन्याय होतो काय? सरबत कमी पडलं?" ती हसत होती. मागे उभा असलेला मित्र हसत नव्हता.

उरलेली प्रत बाबांनी वाचली. बऱ्याच दिवसांनी त्यांनी काही वाचलं.

"मागणी कुठाय?"

"कसली?"

"समोरच्याने काय करायचं, ते लिहायला लागतं."

आता मी कुठलंही पत्रक मागणीपासून सुरू करतो. तेव्हा पेन घेऊन बसलो, पण निळ्या गाडीने काय करावं ते सुचेना. मित्राने दोन दिवस हाक मारली नाही. मीही खाली गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी तोच दारात आला. "चल. सेटिंग सोप्पं केलंय. आता ती नाय येणार तुझ्या मागे."

मी जिंकलो. शेवटच्या फेरीत आरशात फक्त रस्ता होता.

"खूश?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.

वर आलो तेव्हा बाबा खाटेवर होते. "मान्य झाली का मागणी?"

त्यांनाही हो म्हणालो. ते भिंतीकडे तोंड करून झोपले.