दह्याचं मडकं आणि डिस्कचा डबा

आमच्या घरातलं सोवळं मोडलं ते मी. बाबा वेदपाठशाळेत शिकवायचे. हिंदी मुलखात, बालाजी घाटाजवळच्या आमच्या मराठी घरात त्यांचं सोवळ्याचं धोतर वाळत असे आणि मी, बारा वर्षांची घोडी, मुद्दाम हात लावून पळे. पुढे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायची नोकरी धरली, तेव्हा बाबा म्हणाले, “घ्या, आता तर पूर्ण वाटोळं.”

काम तसं साधं. पेशंटचे जंतू प्लेटवर पसरायचे, वर अँटिबायोटिकच्या टिकलीएवढ्या कागदी डिस्क ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. औषध चालत असेल तर डिस्कभोवती स्वच्छ गोल दिसतो. पण डिस्कच वाया गेलेली असेल तर? म्हणून शेजारी एक ओळखीचा जंतू लावतात. त्याचा गोल केवढा यायला हवा, ते ठरलेलं असतं.

जूनमधला मंगळवार होता. बाळंत होऊन चार दिवस झालेल्या एका मुलीचा ताप उतरत नव्हता. तिच्या प्लेटवर एकाही औषधाचा धड गोल नव्हता. डॉक्टरांची भिस्त होती ती शेवटची दोन औषधंही फुकट. मी ओळखीच्या जंतूची प्लेट उचलली. बाकीचे गोल ठीक, पण त्याच दोन औषधांचे आक्रसलेले. ही औषधं नाजूक, उष्णतेत आणि दमटपणात टिकत नाहीत.

“या डिस्कचा डबा फ्रीजमधून कोणी काढला होता?” मी विचारलं.

“हमने,” आमचे साहेब म्हणाले. “घर में फंक्शन था, दही का मटका रखना था. शनीचर-इतवार ही तो बाहर रहा. काग़ज़ ही तो है, सड़ थोड़े ही जाएगा. आप रिपोर्ट पर साइन कीजिए.”

“नहीं करूँगी.”

“वार्ड से तीन बार फ़ोन आ चुका है!”

“चौथी बार आएगा तो मैं उठाऊँगी.”

फोन मीच उचलला. डॉक्टर चिडले, किडनीला झेपणार नाही असं औषध द्यायची त्यांची तयारी चालली होती. उद्या सकाळपर्यंत थांबा, एवढंच मी म्हटलं. डीप फ्रीजरमधला डिस्कचा दुसरा, सीलबंद डबा काढला आणि तासभर तसाच ठेवला. गार डबा लगेच उघडला की आत पाणी धरतं. साहेब दारात उभे राहून म्हणाले, “अब क्या मुहूरत निकलेगा?” मी घड्याळाकडे बघत बसले. तास भरल्यावर नव्या डिस्क ठेवून दोन्ही प्लेट पुन्हा लावल्या.

बाहेर बाकावर त्या मुलीचा नवरा होता. “मैडम, सब दवा फेल है?”

“अभी किसी ने नहीं कहा. कल सुबह बताऊँगी.”

खरं सांगते, मी चुकले असते तर तिचा एक अख्खा दिवस माझ्या हट्टापायी गेला असता.

सकाळी ओळखीच्या जंतूचे गोल जिथे हवेत तिथे आले. मग मी तिची प्लेट धरली. शेवटच्या दोनांपैकी एका औषधाभोवती रुपयाच्या नाण्याएवढा स्वच्छ गोल होता. मी दोनदा मोजला आणि वॉर्डात फोन केला.

उशिराचं कारण रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. “टेक्निकल लिख दीजिए,” साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला होता. मी लिहिलं: फ्रिज में दही रखने से डिस्क ख़राब. खाली ठसठशीत सही केली. त्यांनी महिनाभर बोलणं टाकलं. टाकू देत.

आता त्या फ्रीजला मी कोणाला हात लावू देत नाही. साधी पाण्याची बाटलीही नाही. हे घरी सांगितलं तेव्हा बाबा पोट धरून हसले.

“म्हणजे तू आता सोवळं पाळतेस?”

“हो. आणि शिवणाऱ्याशी झगडाही करते.”

बाबा हसायचे थांबले. “आणि ती मुलगी?”

“काल घरी गेली. बाळाला घेऊन.”

 बाबा म्हणाले, “मग पाळ. कोणाचं ऐकू नकोस. माझंसुद्धा.”