विरोध लिहून घ्या

भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त टाइमपास म्हणून वाचले. मी वकील आहे. जे कागदावर नाही, ते माझ्यासाठी घडलेलंच नाही. म्हणजे... नव्हतं.

रत्नागिरीत आमचं छोटं ऑफिस आहे. संचालकांनी कंपनीचं हित सोडून स्वतःचं भलं केलं, तर आम्ही भागधारकांच्या बाजूने लढतो. गेल्या वर्षी सुधाकर नावाचा अशील आला. बागायतदारांनी शेअर्स घेऊन उभी केलेली आंबा कॅनिंग कंपनी. संचालकांनी तिची जागा गुपचूप अध्यक्षांच्याच जावयाला देऊन टाकली. सभेच्या इतिवृत्तात ठराव 'सर्वानुमते मंजूर', आणि हजेरीत सुधाकरच्या वडिलांची सही! गावाने म्हाताऱ्याला फितूर ठरवलं. सुधाकरही त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलला नाही. आता ते गेले, आणि त्याला एवढंच हवं होतं — वडील खरंच 'हो' म्हणाले होते का?

इतिवृत्त तपासायला मी एमआयडीसीतल्या कंपनीत गेले. दुपारी एकची वेळ. मोबाइल गेटवर ठेवून घेतला. रेकॉर्ड रूमचं दार वाऱ्याने आपटतं, म्हणून शिपाईकाका बाहेरून कडी घालतात, ही तिथली पद्धत. कडी घालून काका जेवायला गेले ते मला विसरलेच.

खोलीला खिडकी नाही. तासाभराने लाइट गेले. मी दार बडवलं, हाका मारल्या. लहान पोरीसारखं रडू यायला लागलं, खोटं कशाला बोलू... तेवढ्यात पलीकडच्या सभागृहात पंखा कुरकुरायला लागला. लाइट नसताना! कुणीतरी ठराव वाचत होतं. मी नुकताच वाचलेला, शब्द न् शब्द तोच.

"मंजूर? मग बसा सगळे."

खुर्च्या सरकल्या. मग एक थकलेला आवाज आला, "माजा विरोध लिवून घ्या. लिवल्याबिगर मी खाली बसनार नाय."

"बसा हो तात्या!"

"नाय बसनार."

मी जिवाच्या आकांताने ओरडले, "अहो, दार उघडा!" एकदम सगळं शांत झालं.

कडी निघाली तेव्हा तीन वाजले होते. "माफ करा मॅडम, पार इसारलो," काका म्हणाले. शेजारी सभा कुणाची होती, मी विचारलं.

"सभा? हॉल दोन वर्सं बंद हाय. पंखेपन काडून नेलेत." त्यांनी कुलूप काढून दाखवलं. छताला नुसते हुक.

हे मी अ‍ॅफिडेव्हिटमध्ये काय लिहू? केस चालू आहे, आणि इतिवृत्ताच्या त्या पानाविरुद्ध माझ्याकडे एकही पुरावा नाही. घाबरून भास झाला, असं माझा नवरा म्हणतो. असेलही. पण सुधाकर माझ्याशी बोलताना कायम 'आमचे वडील' म्हणायचा. त्यांना 'तात्या' म्हणत, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

त्याला मात्र मी सगळं सांगितलं. "गावच्या सभेतपन असेच उबे ऱ्हायाचे," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "मॅडम, शेवटी बसले काय तात्या?"

बाकीच्यांच्या खुर्च्या मी ऐकल्या होत्या. त्यांची नाही.