विहिरीतल्या सोनपट्ट्या

सोनपट्टी हा बोटाएवढा मासा फक्त आमच्याच नाल्यात होता. उन्हाळ्यात नाला आटायचा, तेव्हा माझे बाबा, देवाजी, उरलेले मासे आमच्या विहिरीत आणून ठेवायचे आणि पावसाळ्यात परत सोडायचे.

शहाऐंशीच्या मे महिन्यात नाला अचानक वाहू लागला. बाबा हरखले. दोन दिवस विहिरीत जाळं फिरवून त्यांनी झाडून सगळे मासे धरले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एकदमच नाल्यात सोडले. ते नव्या कोळसा खाणीनं उपसून फेकलेलं पाणी होतं. संध्याकाळपर्यंत सगळे मासे मरून तरंगले.

"मेल्या खाणीनं मारले!" मी ओरडले.

"खाण कायची, गुलाब? माह्या हातानं सोडले मी."

मरेपर्यंत ते रोज विहिरीत वाकून बघायचे. म्हणायचे, "एखादा राह्यला असन."

पण माझे बाबा एकही मासा मागे ठेवणारे नव्हते.