हवभाऊंची पन्नी

हवभाऊंना काहीही विचारा, उत्तर एकच यायचं, "हव." छत्तीसगढीत हव म्हणजे हो. आम्ही रायपूरचे मराठी लोक घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी बोलतो, त्यामुळे हा शब्द आमच्याही तोंडात असतो. भाऊंच्या तोंडात मात्र दुसरा शब्दच नसायचा. "भाऊ, आज पाऊस येईल का?" "हव." "मग टेकडीवर जायचं का?" "हव." "अन् रस्त्यातच आला तर?" "हव, येऊ द्या ना." हळूहळू त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि गोल बाजारातल्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानालाही लोक हवभाऊंचं दुकान म्हणू लागले. गेल्या उन्हाळ्यात ते वारले. त्यांच्याबद्दल सगळे जे सांगतात त्यात एक गोष्ट चुकीची आहे, आणि ती माझ्यामुळे चुकीची आहे. ती दुरुस्त करण्यासाठी हे लिहितो आहे. पण आधी माणूस कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर चूक केवढी होती ते कळणार नाही.

आमची रविवारी हिंडणाऱ्यांची एक टोळी होती. लोक येत-जात राहायचे. कायमचे असे तिघेच, भाऊ, मास्तर आणि मी. भाऊंचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. मी वर्ध्याकडून सरकारी नोकरीसाठी आलो आणि इथलाच झालो, म्हणून मला सगळे साहेब म्हणत. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, ब्राह्मणपाऱ्यातले माझे शेजारी. आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे. त्यांच्याकडे खिळा ठोकला की आमच्याकडचं कॅलेंडर हलतं. रविवारी उजाडताना आम्ही स्कूटरवर निघायचो, राजिमच्या पुढे जंगलाकडे जायचो, एखादी टेकडी चढायची, वर चहा करायचा आणि परत.

या भागात हिंडायचं म्हणजे हवेशी जमवून घ्यावं लागतं. उन्हाळ्यात आठ वाजले की दगड तापतात. पावसाळ्यात एकदा झड लागली की सूर्य दिसत नाही. होळीच्या सुमारास, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, गारा पडतात. आम्ही बाकीचे आधी आभाळाकडे बघायचो. भाऊ आधी स्कूटरला किक मारायचे.

त्यांना पावसातलं काही कळत असे, असं मात्र नाही. ढग बघून त्यांनी सांगितलेला एकही अंदाज खरा झाल्याचं मला आठवत नाही. मी मुलानं दिलेल्या मोबाईलवर हवामान बघून सांगायचो, "भाऊ, आज कोरडं आहे." ते म्हणायचे, "हव." भिजून चिंब झाल्यावर मी म्हणायचो, "मोबाईल खोटं बोलला." तेव्हाही, "हव." मोबाईल आणि पाऊस, दोघांवरही त्यांचा राग नव्हता. एकदा मास्तर वैतागून म्हणाले, "अहो, पण पाऊस आला ना!" भाऊ म्हणाले, "पाऊस आला तं काय झालं मास्तर, आपण बी तं आलो."

पाऊस आला की त्यांचा दुसरा शब्द बाहेर पडायचा, "बसू." त्यांच्या पिशवीत प्लास्टिकची एक मोठी निळी पन्नी असे. ती ते दोन झाडांना बांधायचे, खाली आम्ही तिघं गुडघे पोटाशी घेऊन बसायचो आणि डब्यातली ठेठरी निघायची. बेसनाचा हा कडक प्रकार मास्तरांच्या दातांना पेलत नसे. भाऊ त्यांच्यासाठी तुकडे करून द्यायचे. पन्नीवर पाऊस वाजायचा, समोरचं रान धूसर व्हायचं, आणि कोणाला काही बोलावंसं वाटायचं नाही. टेकडी चढण्यापेक्षा ते बसणंच भाऊंना जास्त आवडत असावं, अशी मला शंका आहे. मलाही तेच आवडायचं, हे आता कळतं.

पन्नीबरोबर दुकानातला एक जर्मनचा गंजही, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, असायचा, चहासाठी. एकदा उघड्या माळावर गारा सुरू झाल्या. झाड नाही, पन्नी बांधायला वेळ नाही. भाऊंनी गंज उचलला आणि मास्तरांच्या टकलावर पालथा घातला. गारा त्यावर ठणाठण आदळू लागल्या. मास्तर आतून ओरडले, "काय होऊन राहिलं भाऊ?" भाऊ स्वतः दोन्ही हात डोक्यावर धरून म्हणाले, "काही नाही मास्तर, तुम्ही वाजून राहिले." त्या गंजाला पोचे पडले. तो त्यांनी विकला नाही, बदललाही नाही.

आणखी एक प्रसंग सांगतो. माझी मेहुणी पुण्याहून आली होती. त्या दिवशी भाऊ आमच्याकडे जेवायला होते. ती वाढत होती. "बास का आता?" तिनं विचारलं. "हव," भाऊ म्हणाले. तिला वाटलं, अजून हवं म्हणतात. तिनं पोळी वाढली. "आता बास?" "हव." आणखी एक पोळी. माझी बायको स्वयंपाकघरातून येईपर्यंत भाऊंच्या पानात चार पोळ्या जास्तीच्या पडल्या होत्या आणि ते घाम पुसत तिसरी खात होते. "काहून खाल्ल्या भाऊ? सांगायचं ना!" बायको म्हणाली. ते म्हणाले, "पाहुण्याले कशाले चूक पाडा?" आम्ही खूप हसलो. मी तेव्हा फक्त हसलो, एवढंच. त्यातून माणूस ओळखायला हवा होता.

आता तो रविवार. पावसाळा संपत आला होता. मोबाईलवर ढगाचं चित्र होतं, पण दुपारपर्यंत उघडेल असं लिहिलं होतं. संध्याकाळी माझ्या घरी मुलाची सोयरीक ठरवायला पाहुणे येणार होते. बायको म्हणाली होती, आजच्या दिवस जाऊ नका. मी म्हणालो, चारच्या आत परत येतो. सकाळी जाताना नाल्याला घोट्याएवढं पाणी होतं. टेकडीवर असताना दणकून पाऊस झाला आणि उतरून आलो तेव्हा तोच नाला गुडघ्याच्या वर, मुरमासारखा लाल होऊन वाहत होता. स्कूटर पलीकडे.

भाऊ पुढे होते. मी त्यांच्याजवळ पोचलो आणि विचारलं, "जायचं ना भाऊ?"

ते म्हणाले, "नाही."

मला वाटलं, पाण्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. "नाही साहेब. बसू. उतरते पाणी." मी म्हणालो, "अहो, माझ्याकडे पाहुणे येऊन राहिले." ते म्हणाले, "पाहुणे बसतीन. आपण बी बसू." आणि पिशवीतून पन्नी काढत ते वरच्या झाडांकडे वळले.

मी एकटा गेलो असतो तर गोष्ट माझ्यापुरती राहिली असती. पण मास्तर माझ्या स्कूटरवर मागे बसून आले होते. त्यांना टाकून गेलो असं दिसायला नको होतं. तेवढ्यात ते चढावरून सांभाळत खाली आले. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाले भाऊ?"

मी म्हणालो, "हव म्हणाले."

मास्तरांनी दुसरा प्रश्न केला नाही. का करतील? भाऊ हवच म्हणायचे. भाऊंची पाठ आमच्याकडे होती, ते पन्नीची गाठ मारत होते; सामान बांधून मागून येतात, असं मास्तरांना वाटलं असणार. आम्ही पाण्यात उतरलो. मी पार झालो. मास्तरांच्या पायाखालचा दगड मधोमध फिरला, पाय दोन दगडांत अडकून राहिला आणि अंग पाण्यानं वळवलं. ओरडणं ऐकून भाऊ धावत आले आणि कपड्यांसकट नाल्यात शिरले. जवळच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, लोकांनी खाट आणली. तिच्यावर मास्तरांना घालून रस्त्यापर्यंत नेलं, तेव्हा पन्नी मास्तरांच्या अंगावर होती आणि भाऊ शेजारून भिजत चालत होते. मास्तर कण्हत होते. "भाऊ, तुम्ही हव म्हणाले म्हणून उतरलो जी." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाटेचा पाय धरला होता, तिकडेच बघत राहिलो.

दवाखान्यात मास्तरांच्या बायकोनं, वहिनींनी, सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, "भाऊ, इतक्या पाण्यात उतरा, असं तुम्ही म्हटलं होतं?"

तिथे मी होतो. बोलायला तोंड होतं.

भाऊ म्हणाले, "हव."

मास्तरांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण पाय आखूड राहिला आणि काठी कायमची झाली. पाहुणे त्या संध्याकाळी आले, थांबले, सोयरीकही ठरली. टोळी मात्र मोडली. ब्राह्मणपाऱ्यात नवी थट्टा सुरू झाली. कोणी हिंडायला निघालं की लोक म्हणायचे, "हवभाऊंसंगं जाऊन राहिले का? मग काठी आधीच घेऊन ठेवा!" वहिनींनी मुलीच्या लग्नाची भांडी दुसऱ्या दुकानातून घेतली. वाटेत भाऊ दिसले तर त्या पदर सारखा करून पलीकडून जायच्या.

महिनाभरानं मी कुकरची शिटी घ्यायच्या निमित्तानं दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. मी विचारलं, "काहून तसं म्हणालात भाऊ?"

ते पितळी तांब्या पुसत होते. "तुमची अन् मास्तरची भिंत एक आहे साहेब. रोज सकाळी तोंड पाहा लागते. माह्यं दुकान इकडे आहे."

"पण तुमचं नाव खराब झालं ना."

"नावच हव आहे," ते हसले. "मी नाही म्हटलं होतं, हे कोणाले पटलं असतं?" मग शिटी कागदात गुंडाळून दिली आणि म्हणाले, "रविवारी येता का?"

मी म्हणालो, गुडघा दुखतो. माझा गुडघा दुखत नव्हता.

"हव," ते म्हणाले.

पुढे कितीतरी वर्षं ते एकटेच जात राहिले. झड लागलेल्या रविवारी मी खिडकीतून बघायचो; स्कूटर जायची, मागे निळी पन्नी बांधलेली. नजर गेल्यावर स्कूटर सुटली, तेव्हा रिक्षानं महादेवघाटावर जाऊन खारुन नदीच्या काठी बसायला लागले. त्यांचा मुलगा एकदा मला म्हणाला, "अंकल, बाबूजी को मना करो तो हव बोलते हैं, और निकल जाते हैं."

त्यांच्या तेराव्याला पुष्कळ माणसं जमली होती. गंजाची गोष्ट निघाली, पोळ्यांची निघाली, आणि मग कोणीतरी हळूच नाल्याची काढली. मास्तर काठीवर भार देऊन उभे राहिले. म्हणाले, "जाऊ द्या. मी त्यांना केव्हाच माफ केलं. मुद्दाम थोडंच हव म्हटलं होतं त्यांनी." भाऊंच्या मुलानं वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला. "बड़ा दिल है आपका, मास्टरजी." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

ती हललेली मान मला सहन झाली नाही. तरी पावसाळा येईपर्यंत मी थांबलोच. गेल्या आठवड्यात झड लागली तेव्हा शेजारच्या घरी गेलो. मास्तर ओसरीवर बसले होते. वहिनींनी चहा आणून ठेवला. मी आधी तो नाला सांगितला, मग पाहुणे, मग माझा तो शब्द. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मास्तर पावसाकडे बघत म्हणाले, "हवभाऊ नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"मी तर त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. कसं म्हणाले?"

मी म्हणून दाखवलं. "नाही साहेब. बसू. उतरते पाणी."

मास्तरांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले. ओसरीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"बसलो असतो ना मग आपण," ते म्हणाले. "पन्नी होती."

"हव," मी म्हणालो.